दात कोरून टार्गेट भरत नाही

विक्रीच्या धंद्यात असलेल्या प्रत्येकाला वर्षातून एकदा तरी ‘टाइम मॅनेजमेंट’ शिकवलं जातं. हॉटेलातला हॉल, गारठवणारा एसी, पडद्यावर चार चौकोनांची आकृती: तातडीचं आणि महत्त्वाचं, महत्त्वाचं पण तातडीचं नसलेलं वगैरे. त्यानंतर काचेच्या बरणीची गोष्ट येते, आधी मोठे दगड, मग खडे, मग वाळू. त्यानंतर पॅरेटोबाबाचा ८०-२०चा नियम. आणि जेवणाच्या सुट्टीआधी तो ठरलेला प्रश्न : ‘मोठ्या उद्योगपतीलाही दिवसाचे २४ तास आणि तुम्हालाही २४च. मग फरक कुठे पडतो?’

फरक कुठे पडतो ते हॉलमधल्या प्रत्येकाला माहीत असतं. उद्योगपतीला कुणाच्या दाराबाहेर बॅग मांडीवर घेऊन दीड तास बसावं लागत नाही. पण हे उत्तर कुणी देत नाही, कारण शेजारी मॅनेजर बसलेला असतो.

माझं म्हणणं सरळ आहे. विक्रीतल्या माणसाला दिलं जाणारं वेळेच्या नियोजनाचं प्रशिक्षण हे प्रशिक्षण नाहीच. ती जबाबदारीची ढकलाढकली आहे. टार्गेट आणि प्रत्यक्ष विक्री यांच्यातली तूट बहुतेक वेळा वरच्या गणितात तयार होते. ती खाली येईपर्यंत खालच्या माणसाचा आळस म्हणून नोंदली जाते. ‘टार्गेट चुकीचं आहे का?’ हा प्रश्न विचारायचा नसेल, तर ‘तुझा वेळ कुठे जातो?’ हा प्रश्न फार सोयीचा पडतो.

मी हे औषधांच्या लाइनमधून सांगतोय. अठरा वर्षं एमआर म्हणून काढली, बहुतेक सगळी सांगली-मिरज-कोल्हापूर पट्ट्यात. बिस्किटं विकणाऱ्याचं, विमा विकणाऱ्याचं, कर्ज विकणाऱ्याचं तपशील वेगळे असतील, पण गाभा तोच आहे.

वेळ नक्की कुणाचा?

एमआरचा दिवस बाहेरून मोकळा दिसतो. ऑफिस नाही, पंच नाही, साहेब समोर नाही. ‘तुमचं काय बाबा, आपल्या मर्जीचे मालक,’ असं नातेवाईक म्हणतात. आता त्या मर्जीचा हिशेब मांडू. हे आकडे कुठल्या पाहणीतले नाहीत, माझ्या वहीतल्या एका साध्या, बिनअडचणीच्या दिवसाचे आहेत.

११ डॉक्टर, ६ केमिस्ट. दर डॉक्टरमागे सरासरी २० मिनिटं थांबणं धरा : २२० मिनिटं. प्रत्यक्ष बोलणं प्रत्येकी २ मिनिटं : २२ मिनिटं. केमिस्टकडे प्रत्येकी १० मिनिटं, म्हणजे ऑर्डर, स्टॉक आणि कुठल्या डॉक्टरची कुठली चिठ्ठी येते त्याची चौकशी : ६० मिनिटं. गावाबाहेरचा दिवस असेल तर जाऊन-येऊन ९० मिनिटं. गावातल्या गावात १७ ठिकाणं फिरायला दर ठिकाणी ५ मिनिटं : ८५. रात्रीचं रिपोर्टिंग ४५. बेरीज ५२२ मिनिटं, म्हणजे पावणेनऊ तासांना तीन मिनिटं कमी. यात जेवण नाही, चहा नाही, पंक्चर नाही.

या ५२२ मिनिटांतली ३९५ मिनिटं थांबण्यात आणि रस्त्यावर गेली. म्हणजे तीन-चतुर्थांश दिवस. त्यातलं एकही मिनिट माझ्या ताब्यात नव्हतं. ते डॉक्टरच्या पेशंटच्या, कंपाउंडरच्या मूडच्या, एसटीच्या आणि फाटकाच्या ताब्यात होतं. ज्याची नोकरीच दुसऱ्याच्या वेळेची वाट पाहण्याची आहे, त्याला स्वतःच्या वेळेचं नियोजन शिकवणं म्हणजे हमालाला ‘ओझं मनावर घेऊ नका’ असं सांगण्यासारखं आहे.

आणि हे पावणेनऊ तास सलग नसतात. सकाळची ओपीडी दुपारी दोन-अडीचला संपते, संध्याकाळची साडेपाच-सहाला सुरू होते. मधले तीन तास घरी जायला कमी आणि रस्त्यावर काढायला जास्त. म्हणून पावणेनऊ तासांचं काम सकाळी दहा ते रात्री दहा असं पसरतं. बारा तास माणूस कामावर, हिशेबात मात्र ‘फील्डमध्ये वेळ वाया घालवतो’.

पोमोडोरो नावाची पद्धत आम्हाला मोठ्या कौतुकानं शिकवली गेली : २५ मिनिटं एकाग्र काम, मग ५ मिनिटं विश्रांती. फ्रान्चेस्को चिरिल्लो या इटालियन माणसानं १९८०च्या दशकात विद्यार्थी असताना अभ्यासासाठी ती शोधली. टोमॅटोच्या आकाराचं स्वयंपाकघरातलं घड्याळ वापरलं, म्हणून नाव पोमोडोरो. अभ्यासाला ती उत्तमच असेल. तिच्यात खोली तुमची, टेबल तुमचं आणि दार तुम्हाला लावता येतं. मिरजेतल्या दवाखान्याच्या जिन्यावर, ‘एमआर लोकांनी पेशंट संपेपर्यंत थांबावे’ या पाटीखाली उभ्या असलेल्या माणसानं टोमॅटो कुठे ठेवायचा?

टार्गेट येतं कुठून?

विक्रीचा कोटा आणि आखून दिलेला प्रदेश या व्यवस्थेला आधुनिक रूप देणाऱ्यांत जॉन पॅटरसनचं नाव घेतलं जातं. अमेरिकेतल्या डेटन शहरात तो कॅश रजिस्टर बनवायचा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्यानं विक्रेत्यांना ठरावीक प्रदेश दिले, कोटे दिले, बोलायची वाक्यंसुद्धा लिहून दिली. पुढे १९११मध्ये फ्रेडरिक टेलरचं वैज्ञानिक व्यवस्थापनावरचं पुस्तक आलं आणि कारखान्यात मजुराच्या हालचालीवर स्टॉपवॉच लावणं हे शास्त्र ठरलं. आजची आमची पद्धत या दोघांचं अपत्य आहे. फरक एवढाच की टेलरच्या कारखान्यात मजुराला कच्चा माल तरी हाताशी मिळायचा. आमचा कच्चा माल म्हणजे डॉक्टरची दोन मिनिटं, आणि ती कुठल्याच स्टोअरमध्ये मिळत नाहीत.

टार्गेट कसं ठरतं हे आत राहून पाहिलेल्यांना ठाऊक आहे. वर एक आकडा ठरतो : यंदा १५ टक्के वाढ. तो झोनला, झोनकडून रीजनला, रीजनकडून एरियाला आणि एरियाकडून आमच्या डोक्यावर येतो. वाटेत प्रत्येक जण आपली खात्री म्हणून त्यात दोन टक्के घालतो. त्या गावात नवं हॉस्पिटल आलं की जुना सर्जन वारला, याची चौकशी वाटेत कुणी करत नाही.

१५ टक्के ऐकायला फार वाटत नाहीत. महिन्याला ४ लाखांचा धंदा धरा. दर वर्षी १५ टक्के वाढवला की पाच वर्षांनी तो ८ लाखांच्या वर जातो. दुप्पट. पाच वर्षांत गावातले पेशंट दुप्पट होत नाहीत, डॉक्टर दुप्पट होत नाहीत आणि दिवसाचे तास तर नाहीच नाही. यातला काही भाग किंमतवाढीतून सुटतो हे मान्य. अनुसूचीबाहेरच्या औषधांची कमाल किंमत वर्षाला १० टक्क्यांपर्यंत वाढवण्याची मुभा २०१३च्या औषध किंमत नियंत्रण आदेशात आहे. पण ती वाढ पेशंटच्या खिशातून येते, आमच्या डायरीच्या नीटनेटकेपणातून नाही. उरलेली वाढ कुठून आणायची, तर ‘वेळेचं नीट नियोजन करून’. दात कोरून पोट भरत नाही म्हणतात. टार्गेट तरी कसं भरेल?

समजा, एखाद्यानं खरंच नियोजन केलं. रोज एक तास वाचवला, तीन डॉक्टर जास्त भेटला आणि वर्षाअखेर ११० टक्क्यांवर गेला. टाळ्या पडल्या, फोटो निघाला. एप्रिलमध्ये त्याचं नवं टार्गेट त्या ११०वर १५ टक्के चढवून आलं. वाचवलेला तास जप्त झाला. अर्थशास्त्रात याला ‘रॅचेट इफेक्ट’ म्हणतात. एकाच दिशेनं फिरणाऱ्या दातेरी चाकासारखं, पुढे जातं पण मागे येत नाही. सोव्हिएत कारखान्यांचे व्यवस्थापक योजनेपेक्षा फार जास्त उत्पादन दाखवायचे नाहीत, ते याच भीतीनं. आमच्याकडचा मुरलेला माणूस १०२ टक्क्यांवर थांबतो आणि उरलेली ऑर्डर पुढच्या महिन्यासाठी झाकून ठेवतो, तेही त्याच कारणानं. याला कुणी कामचुकारपणा म्हणो. मी त्याला स्वतःच्या वेळेचं रक्षण म्हणतो. पडद्यावरच्या चार चौकोनांत त्याला जागा नाही, एवढंच.

वेळेचा खरा चोर

ट्रेनर मंडळींची वेळेच्या चोरांची यादी ठरलेली असते : मोबाइल, गप्पा, चहाची टपरी. खरा चोर या यादीत कधीच नसतो. त्याचं नाव ‘मंथ-एंड’.

बाहेरच्यांसाठी थोडं सांगतो. कंपनीनं स्टॉकिस्टला माल दिला की ती ‘प्रायमरी’ विक्री. स्टॉकिस्टकडून तो केमिस्टकडे गेला की ‘सेकंडरी’. पेशंटनं गोळी घेतली की खरी विक्री. टार्गेट बहुतेक ठिकाणी प्रायमरीवर मोजलं जातं, कारण बिल तिथे फाटतं. मग पंचवीस तारखेपासून डॉक्टर बाजूला राहतात आणि सगळा मोर्चा स्टॉकिस्टच्या दुकानाकडे वळतो. ‘दादा, एवढं पन्नास हजारांचं उचला, पुढच्या महिन्यात बघू.’ तो म्हणतो, मागचंच पडलंय. मग स्कीम, मग उधारी वाढवणं, मग मॅनेजरचा फोन. एकतीस तारखेला रात्री साडेअकराला बिल होतं आणि ग्रुपवर अंगठे उठतात.

पुढच्या महिन्याचा पहिला आठवडा हेच निस्तरण्यात जातो. न खपलेला माल, परतावा, एक्सपायरी, अडकलेले क्लेम, स्टॉकिस्टच्या शिव्या. पंचवीस ते एकतीस आणि एक ते सात, म्हणजे महिन्यातले चौदा दिवस खऱ्या विक्रीशी संबंध नसलेल्या कामात जातात. एवढी उधळपट्टी चहाच्या टपरीवर आयुष्यभर बसूनही होणार नाही. ब्रिटिश अर्थतज्ज्ञ चार्ल्स गुडहार्टनं १९७५ साली मांडलेल्या विचारातून पुढे एक नियमच रूढ झाला : मोजमाप हेच उद्दिष्ट बनलं की ते मोजमाप म्हणून निकामी होतं. त्यासाठी लंडनला जायला नको. तीस तारखेला कुठल्याही स्टॉकिस्टच्या गोदामात उभं राहावं.

याचं शेवटचं टोक पेशंटपर्यंत जातं. दोन मिनिटांत औषधाची शास्त्रीय माहिती देणं हे एमआरचं काम, असं कागदावर आहे. महिनाअखेरीला त्या दोन मिनिटांत एकच वाक्य उरतं : ‘सर, या आठवड्यात जरा बघा.’ म्हणजे काय बघा? अँटिबायोटिकची गरज पेशंटच्या तापावरून ठरावी की माझ्या तारखेवरून? केंद्र सरकारच्या औषधनिर्माण विभागानं मार्च २०२४मध्ये औषधविक्रीच्या पद्धतींसाठी एकसमान आचारसंहिता जाहीर केली. भेटवस्तू, डॉक्टरांचे प्रवासखर्च यांबद्दल तिच्यात नियम आहेत. ते असायलाच हवेत. पण टार्गेटचा दाब तसाच ठेवून फक्त भेटवस्तू मोजल्या, तर भांडं उकळतंच राहणार आणि आपण झाकणाला रंग देत बसणार.

रविवार कुणी दिला?

वेळ ही शिस्तीची आणि सवयीची खासगी बाब आहे, हा समज मराठी माणसानं तरी बाळगू नये. मुंबईच्या गिरणी कामगाराला हक्काची साप्ताहिक सुट्टी नव्हती. ती त्यानं पहाटे लवकर उठून मिळवली नाही. नारायण मेघाजी लोखंड्यांनी १८८४मध्ये कामगारांच्या सभा घेतल्या, मागण्यांवर सह्या गोळा केल्या, गिरणीमालकांच्या मागे लागले. १० जून १८९०ला रविवारची सुट्टी पदरात पडली. वेळ भांडून मिळाला. आठ तासांचा दिवसही जगभर असाच मिळाला. वेळेच्या नियोजनाच्या एकाही वर्गात मी लोखंड्यांचं नाव ऐकलेलं नाही.

आज त्या रविवारी आम्ही काय करतो? सायकल मीटिंगसाठी शनिवारी रात्री बसमध्ये बसतो, म्हणजे सोमवार ‘वाया’ जात नाही. नाहीतर रविवारी संध्याकाळी मॅनेजरचा कॉल असतो, ‘फक्त अर्धा तास’. रात्री बारापर्यंत रिपोर्ट भरला नाही तर त्या दिवसाचा भत्ता अडकतो. म्हणून माणूस पोरांच्या वाढदिवसाला एका हातात केक आणि एका हातात मोबाइल घेऊन उभा असतो.

कायद्याचं म्हणाल तर विक्री संवर्धन कर्मचाऱ्यांसाठी १९७६चा स्वतंत्र कायदा होता. त्यात नेमणूकपत्र आलं, रजा आल्या. दिवसाचे तास मात्र ठरवले गेले नाहीत. औद्योगिक विवाद कायद्यातल्या ‘कामगार’ या व्याख्येत एमआर बसत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं १९९४मध्ये सांगितलं. जे काही संरक्षण होतं ते त्या १९७६च्या कायद्याच्या आधारानं. २०२०मध्ये संसदेनं मंजूर केलेल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहितेत तोही विलीन झाला. आठ तासांचा दिवस ठरवून द्या, ही एमआर संघटनांच्या महासंघाची मागणी मात्र वर्षानुवर्षं निवेदनातच आहे. कामाच्या तासांना जिथे शेवटच नाही, तिथे नियोजन कशाचं करायचं? तळ नसलेल्या बादलीत पाणी नीट कसं ओतावं, याचा तो वर्ग आहे.

‘पण काही जण करतातच की!’

हा आक्षेप नेहमी येतो आणि तो पोकळ नाही. त्याच गावात, त्याच कंपनीत एकाचं टार्गेट होतं, दुसऱ्याचं होत नाही. नाचता येईना अंगण वाकडं, असं आमच्याबद्दल म्हणायला लोक टपलेलेच असतात.

काही अंगणं खरंच वाकडी असतात. चाळीस वर्षं जुना ब्रँड हातात असलेला आणि बाजारात आधीच तीसेक कंपन्या विकतात तेच मॉलिक्यूल नव्यानं घेऊन फिरणारा, यांची तुलना घड्याळानं होत नाही.

पण कौशल्यही असतं, आणि ते मी नाकारत नाही. अमुक सर्जन गुरुवारी ऑपरेशनला असतो, तेव्हा त्याच्या दारात जायचं नाही. तमुक बालरोगतज्ज्ञ आठवडी बाजाराच्या दिवशी मान वर करत नाही. कुठल्या कंपाउंडरला आधी फोन केला की तो ‘आत्ता या, गर्दी नाही’ म्हणून सांगतो. दुपारी तीनला केमिस्ट मोकळा असतो आणि खरं बोलतो. हे खरं वेळेचं नियोजन. ते बूट झिजवून येतं आणि एक एमआर दुसऱ्याला टपरीवर चहा पिताना देतो. त्याच टपरीवर, जिला ट्रेनर वेळेचा चोर म्हणतो.

आणि कंपन्यांनी हेच ज्ञान निकामी करायची व्यवस्था उभी केली आहे. महिन्याचा दौरा आधीच भरून द्यायचा, कुठल्या तारखेला कुठलं गाव ते पक्कं. बदल करायचा तर परवानगी. अॅपमध्ये जीपीएस, डॉक्टरच्या दारात उभं राहिल्याशिवाय भेट नोंदली जात नाही. सर्जन आज ऑपरेशनमध्ये आहे हे मला कळलं, तरी अॅपला कळत नाही. म्हणून मी त्याच्या दारात जातो, हजेरी लावतो आणि परत येतो. एका हातानं माझा वेळ बांधून टाकायचा आणि दुसऱ्या हातानं वेळेच्या नियोजनाची पुस्तिका द्यायची, हा प्रकार फक्त कॉर्पोरेट कार्यालयातच सुचू शकतो.

मग हवं काय?

नुसती तक्रार करून थांबणं बरं नाही, म्हणून ठोस सांगतो. दिवसाचे आणि आठवड्याचे तास ठरवा आणि त्यात थांबण्याचा, प्रवासाचा आणि रिपोर्टिंगचा वेळ धरा. बँकेतला कारकून ग्राहकाची वाट पाहतो तेव्हा त्याचा पगार कापत नाहीत. टार्गेट ठरवताना त्या भागात फिरणाऱ्या माणसाला समोर बसवा आणि वरून आलेला आकडा त्या गावाला का लागू पडतो हे लेखी सांगा. प्रायमरीऐवजी सेकंडरी विक्री मोजा, म्हणजे महिनाअखेरीचा तमाशा अर्ध्यानं कमी होईल. दौऱ्यात बदल करायचा अधिकार फिरणाऱ्याला द्या. आणि रविवार रविवारच राहू द्या.

यातलं काहीही क्रांतिकारक नाही. यानं कंपन्या बुडणार नाहीत. उलट परतावा कमी होईल, माणसं टिकतील आणि दर सहा महिन्यांनी नव्या पोराला बॅग भरून देण्याचा खर्च वाचेल. पण यातली प्रत्येक गोष्ट वरच्या माणसाला काहीतरी सोडायला लावते, आणि वर्कशॉप लावलं की त्याला काहीच सोडावं लागत नाही.

या लाइनमध्ये असलेल्यांना माझा एकच सल्ला आहे. एक महिना स्वतःची वेगळी वही ठेवा, कंपनीच्या अॅपमध्ये नव्हे, साध्या कागदावर. रोज लिहा : किती मिनिटं थांबलो, किती प्रवास, किती प्रत्यक्ष बोललो, किती रिपोर्टिंग, रविवारी किती वेळ गेला. महिनाअखेर बेरीज करा आणि शेजारच्या कंपनीतल्या मित्राच्या वहीशी ताडून पाहा. दोन्ही बेरजा सारख्या निघाल्या, आणि त्या निघतीलच, तर दोष दोघांच्या शिस्तीत नाही हे समजून घ्या. पुढच्या रिव्ह्यूला ‘वेळ कुठे जातो?’ असं विचारलं की ती वही टेबलावर ठेवा. एकट्यानं ठेवलीत तर कदाचित तुमच्यावरच उलटेल, म्हणून दहा जणांनी मिळून ठेवा.